मॅसेडोनियाची बाई आणि आमची म्हैस

लेक नर्स होऊन जर्मनीला गेली आणि इकडे तिच्या म्हशीने पान्हा चोरायला सुरुवात केली. तिची म्हैस म्हणजे तिनेच वाढवलेली. आई मेलेलं रेडकू बाटलीने दूध पाजून तिनेच जगवलं होतं. धार काढताना लेक काहीबाही गुणगुणायची, त्याची म्हशीला सवय. मी कासेला हात लावला की ही बया लाथ झाडायची. घरात बाकीच्या सात म्हशी होत्या, दुधावाचून काही अडत नव्हतं, पण मला ते फार लागलं. जिला लेकीच्या माघारी जपायचं, तीच मला जवळ येऊ देईना.

लेकीच्या वॉर्डात मॅसेडोनियाची एक नर्स होती. हा देश कुठे आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता नकाशावर बोट ठेवून दाखवते. त्या मैत्रिणीने तिकडच्या एका गायिकेची गाणी लेकीला ऐकवली, लेकीने मला पाठवली. मी फोन गव्हाणीच्या कडेला ठेवला, गाणं लावलं आणि धारेला बसले. चाल आपल्या झिम्म्यासारखी गिरक्या घेणारी. शब्द एकही कळेना, म्हणून नुसतं हंऽ हंऽ करत राहिले. म्हशीने कान हलवले, पाय स्थिर केले आणि बादलीत धार वाजायला लागली.

"काय लावलंयस गं ह्ये?" मालक दारातून म्हणाले. "कळतंय का तुला कायतरी?"

"म्हशीला कळतंय की," मी म्हटलं. "तुमी जावा तिकडं, पेंड भिजवा."

तेव्हापासून रोज दोन्ही वेळा तीच बाई आमच्या गोठ्यात गायला लागली. रविवारी लेकीचा फोन आला की आधी म्हशीची खुशाली आणि मग त्या बाईची गोष्ट. मैत्रीण सांगायची आणि लेक मला मराठीत करून द्यायची.

बाई छोट्या गावातली. लग्नांमध्ये गायची. मग राजधानीत गेली, तिथे आधी कुणी दारात उभं करेना. एका स्पर्धेत हरली, पण हरलेलं गाणंच लोकांच्या तोंडी बसलं. मग काय विचारता, पोस्टर काय, दौरे काय! फक्त शब्द दुसऱ्याचे, चाल दुसऱ्याची, केसांचा रंगसुद्धा दुसऱ्याने ठरवलेला.

"कोण टिकोजीराव ह्यो रंग ठरवणारा?" मी फोनवरच तापले. लेक हसत सुटली.

पुढच्या रविवारी कळलं की बाई एके दिवशी गायचीच थांबली. गावाकडे परतली, मूल वाढवलं, बरीच वर्षं गप्प राहिली. लोक तिला विसरले. आणि केस पिकायला लागल्यावर तिने स्वतः गाणी लिहायला घेतली, आपल्याच भाषेत. इंग्रजीत लिही, जगभर जाशील, असं सगळे सांगत होते. तिने ऐकलं नाही. आता लहान लहान हॉलमध्ये गाते, पण स्वतःचं गाते. मी ज्या गाण्यावर धार काढत होते ते त्यातलंच होतं.

त्या दिवशी दूध डेअरीला घालून आले आणि उगाच ओट्याशी उभी राहिले. कोडोलीला माहेरी असताना गौरीच्या खेळाला मीही गाणी रचायची. उभ्या उभ्या रचायची. शेजारच्या आळीतून बोलावणं यायचं. लग्नानंतर ते सुटलं. कुणी बंदी घातली नव्हती, खोटं कशाला बोलू? शेण, पेंड, धारा यात माझं मलाच आठवलं नाही.

बघता बघता दिवाळी आली. पाडव्याला आमच्याकडे म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात घुंगरू, आणि मालकाने मोटरसायकल पुढे काढायची. त्याच्या हाकेवर म्हैस मागे धावत आली पाहिजे. नाही आली तर सगळ्या गल्लीसमोर मान खाली. आमच्या बाकीच्या म्हशी यांच्या हाकेवर येतात. लेकीची मात्र लेकीच्याच हाकेवर यायची; दरवर्षी ती बापाच्या मागे गाडीवर बसून ओरडायची. यंदा तिच्या जागी मी बसले. हातात फोन, फोनवर गाणं. आपली म्हैस फोनवर माणसाळली आहे, अशी माझी ठाम समजूत.

सायलेन्सर काढलेल्या गाड्या आणि हलग्या यांच्यापुढे फोनचं काय चालणार! मलाच गाणं ऐकू येईना. यांनी गाडी काढली. म्हैस जागची हलली नाही.

"वैनी, हाक मारा की!" कुणीतरी ओरडलं. लोक हसायला लागले. म्हैस गर्दीत मान फिरवून कुणाला तरी शोधत होती. मला एकदम भडभडून आलं. फोन कमरेला खोचला आणि त्या बाईच्या चालीवर मोठ्यांदा गायला लागले. तिचे शब्द येत नव्हते, म्हणून तोंडाला येतील ते घातले. म्हशीने कान टवकारले. मग ती जी सुटली, ती घुंगरं वाजवत थेट गाडीला येऊन भिडली आणि माझ्या पाठीत नाक खुपसलं. फोन नव्हे, रोजचं माझं हंऽ हंऽ तिने धरून ठेवलं होतं. शिट्ट्यांनी गल्ली दणाणली.

घरी आले तर लेकीचा फोन. माझ्या भाच्याने गल्लीतूनच तिला व्हिडिओ पाठवला होता.

"आई, मैत्रीण विचारत्या, चाल आमची हाय, पण शब्द कुणाचं?"

"काय सांगितलंस मग?"

"आईचं, म्हटलं." मग तिने विचारलं, "तू काय गायलीस, ध्यानात हाय का तुझ्या?"

"तोंडाला आलं ते गायले. कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय?"

तिने हळूच म्हणून दाखवलं. 'लेक गेली लांब देशी, तू तरी ये गं माघारी.'

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हशीला म्हटलं त्ये," मी म्हणाले. "तुला न्हाय."

"व्हय, व्हय," लेक नाक ओढत म्हणाली, "म्हशीलाच."

संध्याकाळी धारेला बसले तेव्हा फोन घरातच ठेवला होता.