खिळ्यावरची पिशवी

रघूच्या बायकोचा, शांतावहिनींचा फोन आला तेव्हा मी दुपारचा चहा घेत होतो. "हे गेले, भाऊजी," एवढंच म्हणाल्या. मला आधी शंकाच आली... नक्की गेला ना? परवाच तर भाजीबाजारात भेटला होता, चांगला धडधाकट. मी जन्मभर मनमाडकडच्या गाड्यांत तिकिटं तपासली. समोरचा माणूस विनातिकीटच असणार, असं धरून चालायची सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. रघूही त्या सवयीतून सुटला नाही.

रघू मूळचा नांदगावकडचा, नाशिकरोडला आमचा शेजारी, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. मराठवाड्यात भूकंप झाला, त्यानंतर तो तिकडच्या एका आडगावच्या शाळेसाठी झटू लागला. शाळा पत्र्याच्या शेडमध्ये, पोरं जमिनीवर. रघूने कॉलनीत घरोघर फिरून बाक मागितले. आपल्याकडे काही दिलं की त्यावर नाव घालायची रीत. माझी आई नुकतीच गेली होती. मीही एक बाक दिला आणि पेंटरकडून त्यावर ठळक लिहून घेतलं, 'कै. गंगूबाई यांच्या स्मरणार्थ'. नावासकट फोटो आण, असं रघूला बजावलं.

फोटो आला नाही. "कॅमेरा नाय आपल्याकडं," म्हणाला. पुढच्या खेपेला मी उसना कॅमेरा मिळवून दिला, तर पठ्ठ्याने शेडचा आणला, मास्तरांचा आणला, बाकांचा एकही नाही. मग एकदा त्याच्या घरी बसलो असताना, तो आत गेलेला बघून, मी खिळ्याला अडकवलेली त्याची पिशवी उघडून चाचपली. आत पटाशी आणि रंगाने माखलेला पॉलिशपेपर. मला लगेच उलगडा झाला, नावं खरवडून यानं बाक विकले. हे मनात ठेवलं असतं तरी चाललं असतं. मी ते कट्ट्यावर दोघातिघांना सांगितलं. पुढच्या वर्षी रघूला कॉलनीत कुणी काही दिलं नाही. तो मात्र दर वर्षी रजा टाकून एकटाच जात राहिला, शाळेची दारं-खिडक्या दुरुस्त करायला. माझ्याशी पूर्वीसारखाच बोलायचा... मला त्याचाही संशय यायचा.

दहाव्याला रामकुंडावर त्या गावाहून एक बाई आल्या होत्या. लहानपणी त्याच शाळेत शिकलेल्या, आता तिथेच शिकवतात. मी त्यांना बाजूला घेऊन बाकांची चौकशी सुरू केली.

"हायत की बाक, अजून वापरतो," त्या म्हणाल्या. "पण आधी आम्ही बसंनातच त्याच्यावर. कै. म्हणजे मेलेलं माणूस, एवढं तेव्हा सगळ्या लेकरांना कळायचं. भूकंपानंतर घरोघरी तसलेच फोटो होते. मग रघूकाकांनी दोन दिवस बसून सगळी नावं खरवडली. म्हणाले, नाशकात सांगू नका, त्यांच्याबी घरची माणसं गेल्यात."

"त्यातला गंगूबाईंचा कोणता?" मी तरीही विचारलं.

"ते आता कसं कळायचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईच्या कानावर हे गेलं असतं, तर तिने स्वतः ते नाव पुसलं असतं. कट्ट्यावर ज्यांना सांगितलं होतं त्यातलं आज कुणीच उरलं नाही. म्हणून इथे लिहितो आहे. रघूनं एकही बाक विकला नाही.

परवा त्याच्या घरी गेलो. पिशवी त्याच खिळ्याला होती. शांतावहिनींनी ती काढून माझ्या हातात दिली. "बघा आत. लय वर्षं बघायची होती ना तुम्हाला? ह्यांनी तवाच पाहिलं होतं तुम्हाला."

पिशवी जड लागली. मी ती न उघडता परत खिळ्याला अडकवली.