तळपायातला काळा ठिपका
स्पिरिटचा वास आला की मला गोव्यातलं ते हॉस्पिटल आठवतं. आधी साध्या शिंकेने बाबांची बरगडी मोडली, मग जाळं ओढताना मांडीचं हाड तडकलं, आणि डॉक्टरांना हाडांत पसरलेल्या कॅन्सरचा संशय आला. म्हणून तारकर्लीहून गाडीत आडवं निजवून त्यांना तिथे नेलं. स्कॅनसाठी किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देऊन त्यांना एका खोलीत एकटंच निजवलं होतं. मी दार ढकललं तर ते ओरडले, "आत येव नको गो! तुका काय झाला तर?" स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी पडद्यावर तळपायातला एक काळा ठिपका दाखवला. "पायातही पसरलं?" मी विचारलं. "नाही, फक्त तिथेच आहे. ही बारीक गाठ शरीरातलं फॉस्फेट घालवते, म्हणून हाडं ठिसूळ झालीत. बहुतेक कॅन्सर नाही. काढली की हाडं भरतील." परतताना गोव्याची हद्द ओलांडून इन्सुलीला आलो. मग बाबांनी हळूच विचारलं, "म्हणजे मी मरूचंय नाय?" डॉक्टरांचं ते "बहुतेक" आठवून मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. आता ते रोज होडीवर जातात, पण त्या प्रश्नाला "नाही" म्हणायचा धीर मला झाला तो ऑपरेशननंतर कित्येक महिन्यांनी, ते काठीशिवाय किनाऱ्यावर चालले त्या सकाळी.