मूळ निळं, पान कोरं

आमच्या लॅबमध्ये निष्कर्ष कमी जमतात, किस्से फार! जळगावच्या उन्हात बॅक्टेरिया मरतात, किस्से मात्र तग धरून राहतात.

ज्योती आमच्याकडे केळीवर पीएचडी करत होती. रोपाच्या प्रत्येक पेशीत सगळे जीन असतात. कुठला कुठे चालू व्हायचा, ते त्याच्या शेजारचा 'स्विच' ठरवतो. ज्योतीनं फक्त मुळांमध्ये चालणारा स्विच शोधला होता. त्याला निळा रंग देणारा जीन जोडायचा. मूळ निळं आणि पान कोरं निघालं तर डिग्री, नाहीतर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात.

तिचे आबा एरंडोलकडचे शेतकरी. एकदा लॅब बघायला आले आणि म्हणाले, "पोरी, मूळ निळं करीसन केयाले काय फायदा शे?"

ती म्हणाली, "आबा, रंग नुसती खूण. स्विच चालला की त्याला बुरशीशी लढणारा जीन जोडायचा."

"म्हणजे आते बल्ब लाईसन देखी ऱ्हायनी, मोटर नंतर!"

आमच्या गाईड सरांना हे इतक्या थोडक्यात कधीच जमलं नव्हतं.

पहिल्या खेपेला तिनं चुकून सगळीकडे चालणारा स्विच घातला. रोप शेंड्यापासून मुळापर्यंत निळं! सर गरजले, "हे रोप आहे की शाईची दौत?" आवाज गेटवर ऐकू गेला. 

दुसरी खेप खंडेनवमीच्या आदल्या दिवशी लागली. आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांना हळद-कुंकू आणि सक्तीची विश्रांती. ऑफिसातल्या नानांनी आदल्या संध्याकाळीच भक्तिभावानं इनक्युबेटर बंद केला. आत रंग चढायला रात्रभर उबेत ठेवलेली ज्योतीची रोपं! सकाळी तिनं रडतरडत दार उघडलं, तर मूळ निळंशार, पानावर निळा ठिपकाही नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यानं काम केलं होतं.

"सर, थीसिसमध्ये तापमान काय लिहू?"

"'जळगाव' लिही!"

तो प्रयोग तिनं ठरल्या तापमानात पुन्हा केला, तसाच रिझल्ट आला, तेव्हा कुठे थीसिस सादर झाला.

मग व्हायवा. पहिल्या रांगेत आबा, शेजारी धुळ्याच्या देवपुरातून खास आलेल्या सरांच्या मॅडम. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "पाहुण्यांना कळेल असं उदाहरण द्या. जीन तोच, मग इथे चालू, तिथे बंद कसा? नाही सांगता आलं, तर तुम्हालाच कळलं नाही असं समजेन."

तिनं इकडेतिकडे पाहिलं.

"आमचे सरच घ्या ना. माणूस तोच. लॅबमध्ये फुल्ल चालू. घरी मॅडमसमोर पूर्ण बंद."

 

परीक्षक सरांकडे वळले. "काय सर, मान्य?"

सरांनी तोंड उघडलं. मॅडमकडे पाहिलं. मिटलं.

"रिझल्ट रिपीट झाला," म्हणत परीक्षकांनी सहीसाठी पेन काढलं.