मंगळवारचे ओ

स्क्रीनवर पुन्हा ओ पडायला लागले होते. आधी एक, मग थोड्या वेळाने दोन, मग ओळच्या ओळ. मी खुर्ची पुढे ओढली आणि वर्षाकडे न बघताच विचारलं, "काल तू फोटो पाठवला, त्यात एक बी ओ नव्हता ना?"

"नव्हता, मावशी. काल साफ चालली."

"मग आज काहून पडून राहिले?"

 वर्षा नुसती पदराने हात पुसत उभी राहिली. मला त्याचाच राग आला.

हे ओ म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. आमच्या साकोलीच्या पलीकडे, जंगलाला लागून एक गाव आहे. त्या भागात एक वाघीण फिरते, तिच्या गळ्यात पट्टा आहे. पट्ट्यातून टिक, टिक अशी बारीक रेडिओची खूण निघते. गावच्या पाण्याच्या टाकीवर आम्ही अँटेना लावली आहे आणि टाकीखालच्या खोलीत रेडिओ. टिक मोठी ऐकू आली की वाघीण जवळ. मग गावच्या बायांच्या फोनवर मेसेज जातो की आज जंगलाकडे जाऊ नका. मोहफुलांच्या दिवसांत बाया पहाटेच टोपल्या घेऊन निघतात, त्यामुळे तेव्हा या मेसेजचं मोल विचारू नका.

हा रेडिओ आपल्या जुन्या ट्रान्झिस्टरसारखा नाही. याला सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ म्हणतात, एसडीआर. डबी फक्त हवेतली लहर पकडते आणि तिचे बारीक बारीक तुकडे करून कॉम्प्युटरकडे ओतते. बाकीचं सगळं काम कॉम्प्युटर करतो. या दोघांच्या मधे जो हमाल असतो, त्याचं नाव ड्रायव्हर. राइस मिलमध्ये तांदळाची धार सुरू असते आणि खाली पोतं बदलणारा माणूस असतो, तसंच हे. धार काही थांबत नाही. माणूस हळू पडला की तांदूळ जमिनीवर सांडतो. इथे माल सांडला की ड्रायव्हर स्क्रीनवर एक ओ टाकतो. ओव्हरफ्लोचा ओ. वाघिणीची टिक एवढीशी असते. ती नेमकी सांडलेल्या मालात गेली की कॉम्प्युटरच्या लेखी वाघीण आलीच नाही.

मी शिकलेली इंजिनियर नाही. माहेर विणकराचं, सासरी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, शेजारी बसून तारांना डाग द्यायला शिकले, मग कॉम्प्युटर उघडायला शिकले, मग नातवाच्या इंटरनेटवर हे एसडीआरचं खूळ लागलं. नागपूरच्या एका संस्थेचे गभणे सर मला शोधत दुकानात आले, तेव्हा दुकानातला पंखासुद्धा माझ्याकडेच बघतोय असं वाटलं मला. दर मंगळवारी पहिल्या एसटीने जायचं आणि मशीन तपासायचं, हे माझं काम. रोज मशीनजवळ बसून लक्ष ठेवायचं आणि मला स्क्रीनचा फोटो पाठवायचा, हे काम वर्षाचं. ती गावातलीच सून, बारावी झालेली, घरी धानाची शेती. नवऱ्याच्या घरात पहिल्यांदा कुणा बाईला बसून करायची नोकरी मिळाली होती आणि सासूने ती मिळू दिली होती. यावरूनच ती नोकरी काय होती ते समजून घ्या.

तर ओ. पहिल्या मंगळवारी दिसले, मी केबल बदलली. दुसऱ्या दिवशी वर्षाचा फोटो आला, स्क्रीन साफ. मी खूश. पुढच्या मंगळवारी पुन्हा ओ. मग मी डबीची वायर निळ्या पोर्टमध्ये लावली, तो जलद असतो. बुधवारी साफ, मंगळवारी ओ. मग बफर वाढवला, म्हणजे पोतं मोठं केलं. मग कॉम्प्युटरची वीज वाचवायची सवय बंद केली. शेवटी ड्रायव्हरच उतरवून जुना चढवला. दर वेळी तीच गोष्ट. मी निघून गेले की साफ, मी आले की ओ.

दुकानात असं गिऱ्हाईक पुष्कळ पाहिलं मी. घरी बिघडलेला टीव्ही दुकानात आणला की छान चालतो. पण उलटं कधी पाहिलं नव्हतं. कारागिरासमोर बिघडणारं आणि पाठीमागे चालणारं यंत्र नसतं, बाई. म्हणून मी ठरवलं की यंत्र खोटं बोलत नाही, पोरगी खोटं बोलते. दिवसभरात एखादं चांगलं मिनिट सापडलं की तेवढाच फोटो काढून पाठवते.

आणि मग तो मंगळवार आला. मी खोलीतच होते, ओ पडत होते, मी ड्रायव्हरशी झटत होते. बाहेर आरडाओरडा झाला. मोहफुलं वेचून परत येणाऱ्या बायांना बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर वाघीण दिसली होती. मेसेज गेलाच नव्हता. वाघिणीने कुणाला काही केलं नाही, ती आपल्या वाटेने गेली. पण बाया टोपल्या टाकून पळाल्या आणि त्यांच्यातल्या सयाबाई बांधावरून पडल्या. मनगट मोडलं.

संध्याकाळच्या एसटीपर्यंत गावाने ठरवून टाकलं की वर्षा मोबाईल बघत बसते. पारावर बाया जमल्या होत्या. एकीने मला विचारलं, "मावशी, तुम्ही त मशीनवाल्या. सांगा ना, कोनाची चूक?"

मी म्हणू शकले असते की अजून कळलं नाही. तेच खरं होतं. पण मी म्हणाले, "मशीन मी सगळी तपासली. आता मशीनमंदी काही राहिलं नाही."

वर्षा तिथेच होती, हातात माझी पिशवी घेऊन. ती मला एसटीपर्यंत सोडायला आली.  बस आल्यावर पिशवी वर दिली आणि म्हणाली, "सांभाळून जा, मावशी."

घरी येऊन मी गभणे सरांना फोन केला. सांगितलं की पोरगी कष्टाळू आहे, पण खरं सांगत नाही, दुसरं कुणी बघा. सर म्हणाले की शनिवारी न सांगता जाऊ, जे असेल ते डोळ्यांनी दिसेल. मला हा विचार फार पटला. चोर पकडायला निघाल्यासारखी मी त्यांच्या जीपमध्ये पुढे बसले होते, हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

खोलीचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. स्क्रीन साफ. सरांनी वर-खाली करून पाहिलं, सकाळपासूनचं सगळं, एक ओ नाही. मी म्हणाले, थांबा जरा.

वर्षा अंगणवाडीच्या नळावरून पाणी घेऊन येत होती. जीप दिसली तशी धावत आली. घागर दारात ठेवली. सरांना नमस्कार करायच्याही आधी तिने खुंटीवरची एक प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून घडी केलेलं कव्हर काढलं आणि कॉम्प्युटरला घातलं. नाड्या बांधल्या. मग मागे वळून म्हणाली, "मावशी, सांगून आल्या असत्या त..."

ते कव्हर मी केलेलं होतं. भावाने माग विकायच्या आधी जे शेवटचं कापड काढलं, ते त्याने मला दिलं होतं. बाहेरून कोसा रेशीम, आतून जुन्या लुगड्याचे दोन पदर, गोधडीसारखे टाके. त्या खोलीत धूळ फार, पाली फार. कॉम्प्युटर छोटा, लोखंडी डब्यासारखा, पाठीवर खाचा असलेला. पंखा नाही, जाळी नाही. जाळीच नाही म्हणजे याला हवा लागत नाही, असं मी धरून चालले. मशीन बसवलं त्या दिवशी सगळ्यांसमोर मी ते कव्हर घातलं होतं, लग्नात शेला घालतात तसं. बायांनी हात लावून लावून पाहिलं होतं.

त्या क्षणीही मला काही कळलं नाही. मला वाटलं, आम्ही आलो म्हणून पोरगी टापटीप दाखवते आहे.

चहा आला. सरांनी बोलणं काढलं. गावाचा विश्वास, जबाबदारी, दुसऱ्या कुणाला शिकवून ठेवायला हवं, असं हळूहळू ते मुद्द्याकडे येत होते. वर पत्र्याचं छप्पर तापलेलं. वर्षा भिंतीला टेकून उभी, नजर जमिनीवर. तिला कळलं होतं. सरांचं बोलणं लांबलं, चहा संपला, आणि तेवढ्यात स्क्रीनवर पहिला ओ पडला.

"बघा," सर म्हणाले.

मी स्क्रीनकडे पाहिलं. मग त्या नाड्यांकडे. मग उठले आणि कव्हराखाली हात घातला. भाकरीच्या तव्याला बोट लागावं तसा हात मागे आला.

कॉम्प्युटरला त्याचं तापमान विचारायची एक साधी कमांड असते. एवढ्या मंगळवारांत मी ती एकदाही चालवली नव्हती. आता चालवली. फार तापला की प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच हळू होतो. म्हणजे पोतं बदलणारा माणूस घामाने बसून गेला होता, आणि मी धारेला दोष देत होते, पोत्याला देत होते, हमाल बदलत होते. त्या डब्याच्या पाठीवरच्या खाचा हाच त्याचा पंखा होता. त्यावर मी गोधडी पांघरली होती.

मी नाड्या सोडल्या. कव्हर काढलं. आम्ही तिघं बघत राहिलो. आकडा हळूहळू उतरला. ओ कमी झाले, मग थांबले.

सरांनी चष्मा पुसला. "मॅडम, हे कव्हर मशीनसोबत आलेलं का?"

"नाही," मी म्हणाले. "माझं आहे."

सरांनी चष्मा पुन्हा लावला. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी वर्षाला विचारलं, "तुले ठाऊक होतं?"

"मले काय ठाऊक, मावशी. डबा गरम लागे, म्हनून काढून ठेवाची. मंगळवारी तुमी येता, म्हनून सकाळीच घालून ठेवाची. तुमी हातानं शिवलं, ते खुंटीवर दिसलं असतं त तुमाले कसं वाटलं असतं?"

म्हणजे ती रोज जे फोटो पाठवत होती ते सगळे खरे होते. फक्त माझ्यासमोर मशीन बिघडत होतं, कारण माझा मान राखायला ती त्याला न सोसणारं कव्हर नेमकं मंगळवारी घालत होती. आणि मी तिला खोटं ठरवलं तेव्हाही कव्हराचं नाव तिच्या तोंडावर आलं नाही. आपल्याकडे थोरांनी दिलेली वस्तू वाईट नसते ना. वस्तूत दोष असेल, ही गोष्ट तिच्या मनातच येणार नव्हती.

एक गोष्ट सगळ्यांत जास्त लागते. दुकानात आयुष्यभर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत आले, टीव्हीवर रुमाल टाकू नका, गरम होतो. एका बाईला तर तिचा विणलेला रुमाल घडी करून हातात दिला होता मी. ती किती हिरमुसली होती.

सरांनी वर्षाच्या नोकरीचा विषय पुन्हा काढला नाही. मी मात्र म्हटलं की मला पारावर जायचं आहे. जिथे बोलले तिथेच बोलावं लागतं. बायांना बोलावलं, सयाबाई गळ्यात हात बांधून आल्या. मी सांगितलं की चूक वर्षाची नव्हती, माझी होती. मी मशीनला कव्हर घातलं होतं, त्याने ते तापत होतं, मेसेज त्याच्यामुळे गेला नाही.  वर्षा माझ्या पाठीमागे उभी राहून माझा पदर ओढत होती, पुरे करा म्हणून.

मग सयाबाई म्हणाल्या, "काहो मावशी, चैताच्या महिन्यात मशीनीले थंडी वाजून राहिली होती का?"

बाया हसल्या. मीही हसले. पण ते मनगट पुढे कितीतरी दिवस तसंच गळ्यात होतं, आणि तो मोहाचा सगळा हंगाम सयाबाईंचा गेला.

आता मशीन उघडं चालतं. धुळीसाठी मी एक ब्रश ठेवला आहे. ओ किती पडले ते आपोआप मोजून सरांकडे जाईल अशी सोय केली, म्हणजे कुणाच्या फोटोवर कुणी संशय घ्यायला नको. बिघाड शोधायला बसले की पहिली कमांड तापमानाची. आणि त्याच्याही आधी स्वतःला विचारते, या मशीनला माझा हात कुठे कुठे लागला आहे. ड्रायव्हर बदलणं त्याच्या पुष्कळ नंतर येतं.

कव्हर मी घरी न्यायला मागितलं होतं. वर्षाने दिलं नाही. मंगळवारी मी पोचते तेव्हा ते घडी घालून माझ्या खुर्चीवर ठेवलेलं असतं, बसायला मऊ म्हणून. त्याच्यावर बसायची मला लाज वाटते. पण ती उभी राहून वाट बघते, म्हणून बसते.