दादाचं 'व्हय'

मिरजेच्या दवाखान्यात दादाला शेवटचं भेटले, तेव्हा तो एकच शब्द बोलला. महिना उलटून गेला, तरी तो शब्द कानातून जात नाही... पण तो काय होता हे कळायला आमच्या घरातली एक विचित्र शिस्त आधी सांगावी लागेल.

दादा माझा थोरला भाऊ. फौजेत त्याच्याकडे कुत्री शिकवायचं काम होतं. पेन्शन घेऊन साताऱ्याजवळ आमच्या गावी आला आणि बांधावर सापडलेल्या एका तांबूस पिल्लाच्या नादी लागला. तिचं नावच तांबडी पडलं. तिला वहाण आणायला शिकवायची, तर आधी तिने वहाणेकडे नुसतं पाहिलं की दादा म्हणायचा 'व्हय!' आणि भाकरीचा बोराएवढा तुकडा द्यायचा. दोन दिवसांनी नुसत्या पाहण्याला काही नाही, तिकडे पाऊल टाकलं तरच 'व्हय'. मग नाक लावलं तर, मग दातात धरली तर... शब्द क्षणभर उशिरा निघाला, तर दादा स्वतःवरच चिडायचा. आई करवादायची, "एक रट्टा घाल की, लगीच आणंल." तो म्हणायचा, "रट्ट्यानं भ्यायला शिकंल, आई. वहाण आणायला न्हाई."

अडचण एवढीच, की आमच्याकडे 'व्हय' दिवसातून शंभरदा तोंडात येतं. कुणीही म्हटलं की तांबडी तुकडा मागायला हजर! शेवटी दादाने फर्मान काढलं : घरात कुणी 'व्हय' म्हणायचं नाही, 'बरं' म्हणायचं. आम्हा सगळ्यांच्या जिभेला तेच वळण लागलं.

पुढे मला पाहायला सांगलीची मंडळी आली. सासऱ्यांनी विचारलं, "पोरी, मुलगा पसंत हाय न्हवं?" मुलगा मला फार आवडला होता. आणि मी म्हणाले, "बरं." बैठक गार झाली. सासरे बशी खाली ठेवून उठलेच. "पोरीच्या मनात न्हाई. जबरदस्ती नगं." दादाचा चेहरा उतरला. "आवं बसा, चूक माजी हाय," म्हणत तो माझ्याकडे वळला, "आज म्हण गं. तेवढं एकदा म्हण." मी 'व्हय' म्हणाले मात्र, मागल्या दाराने तांबडी धावत आली आणि सासऱ्यांच्या पोह्यांपुढे बसली. सगळे हसले आणि लग्न ठरलं.

सांगलीला येऊन मी मनसोक्त 'व्हय' म्हणू लागले. दादाने मात्र माणसांसाठी 'बरं'च ठेवलं. मला मुलगा झाला तेव्हाही 'बरं'! "कुत्रीला दिवसातून वीसदा शाबासकी, आणि मला एकदाही न्हाई," असं मी चिडवायची. तो नुसता हसायचा. मला ते खरंच लागायचं, हे त्याला कधी सांगितलं नाही.

दवाखान्यात त्याला बोलवत नव्हतं. मी विचारलं, "दादा, तांबडीला मी सांभाळू?" तो म्हणाला, "व्हय." नकळत माझा हात तुकडा मागावा तसा पुढे झाला. त्यात त्याने स्वतःचा हात ठेवला.

तांबडी आता माझ्याकडे आहे. दादाच्या वहाणाही आणल्यात. रोज संध्याकाळी ती एक वहाण तोंडात धरून माझ्यापुढे उभी राहते. मी 'शाबास' म्हटलं, 'सोड' म्हटलं, चुचकारलं, ती सोडेना. तिला काय हवंय ते मला कळत होतं, पण दवाखान्यातून आल्यापासून तो शब्द माझ्या तोंडून निघत नव्हता. मी पुन्हा 'बरं'वर आले होते.

काल कसाबसा म्हणाले. तिने वहाण अलगद खाली ठेवली आणि माझ्या मागे, दाराकडे बघत बसली... तुकडा माझ्या हातातच राहिला.