केग कुणी धुतला?

आमच्याकडे कुणी जेवायला आलं की नितीन बिअर काढतो आणि मी किस्से काढते. बिअर कधी ना कधी संपते. किस्से संपत नाहीत, कारण ही मंडळी दर महिन्याला नवा माल पुरवतात! मी काही लिहून ठेवत नाही, तरी साठत जातात.

ही मंडळी म्हणजे तिघं. नितीन माझा नवरा, मूळचा सांगलीचा, बोईसर एमआयडीसीत एका औषध कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर. जोगळेकर त्याच कंपनीत क्वालिटीला, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. आणि ढोबळे, यवतमाळचे, मेंटेनन्सचे हेड. तिघांना तीनेक वर्षांपूर्वी घरी बिअर बनवायचा छंद लागला. कायद्याचं मला विचारू नका. मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे, मला जंतूंचं कळतं. आणि जंतूंच्या बाजूनं बोलायचं तर या तिघांसारखे यजमान त्यांना अख्ख्या पालघर जिल्ह्यात मिळायचे नाहीत.

बिअर बनवणं म्हणजे पाऊण काम भांडी घासण्याचं. तयार बिअर स्टीलच्या उंच पिंपात भरतात, त्याला केग म्हणायचं. त्यात आधीच्या बिअरचा थोडा जरी अंश राहिला तरी नवी बिअर आंबते, नाहीतर कुबट लागते. उभ्या जन्मात ज्यांनी चहाचा कप विसळला नाही, त्यांनी नेमका हाच छंद का धरावा? कंपनीत मात्र औषध बनवायचा रिॲक्टर नीट धुतला नाही म्हणून हेच तिघं ऑपरेटरला फाडून खातात!

छंदावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण चिंचणीला समुद्रावर राऊतशेठचं रिसॉर्ट आहे. त्यांना तिथे रीतसर लायसन्स काढून छोटी ब्रुअरी टाकायची होती आणि ती चालवायला माणूस हवा होता. नितीनला ती नोकरी हवी होती. वीस वर्षं गोळ्यांची पावडर बनवून माणूस विटला होता, हे मला दिसत होतं. म्हणून तर त्या केगांचा मला जास्तच राग यायचा.

* * *

पहिला केग नितीननं भंगारवाल्याकडून आणला. पूर्वी त्यात कोल्ड्रिंकचं संत्र्याचं सिरप असायचं. नितीननं त्यात एक बादली पाणी ओतलं, दोनदा हलवलं, ओतून दिलं. झाला धुऊन!

पहिली बिअर संत्र्याच्या गोळीसारखी लागली. जोगळेकरांनी डोळे मिटून सांगितलं, "वा! काय सिट्रस नोट्स आल्यात!"

नितीन फुगला. दुसऱ्यांदा त्यानं काळी बिअर केली, तिलाही सिट्रस नोट्स. तिसऱ्यांदा गव्हाची केली, तिलाही तेच. "माझ्या हाताला आता एक सिग्नेचर आली आहे," असं तो फोनवर त्याच्या भावाला सांगताना मी ऐकलं.

चौथ्या वेळी मला राहवलं नाही. मी धुण्याचा सोडा घालून उकळतं पाणी रात्रभर त्यात ठेवलं. नितीनची सिग्नेचर सकाळी मोरीतून वाहून गेली.

तेव्हाच मी जाहीर केलं, की दिवसभर कंपनीत लोकांनी धुतलेली भांडी तपासायची आणि घरी येऊन यांची पिंपं घासायची, हे मला जमणार नाही. सल्ला हवा तेवढा फुकट मिळेल. गेल्या तीन वर्षांत एकदाही कुणी मागितला नाही.

* * *

जोगळेकरांचा प्रकार वेगळा. ते काहीच धुवत नाहीत, ते लेबल लावतात. आमच्या धंद्यात भांडं धुतलं की त्यावर 'क्लीन्ड' असं लेबल लागतं. खाली दोन सह्या असतात, धुणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. जोगळेकरांनी ही छापील लेबलं घरी आणली आणि केगांना लावली. धुणारे जोगळेकर, तपासणारेही जोगळेकर!

एकदा मी सहज त्यांच्या केगचं झाकण उघडलं. आत पांढरी साय. जुन्या लोणच्यावर धरते तशी, चांगली जाड.

"भाऊजी, हे तपासलंत तुम्ही?"

"वहिनी, सही आहे ना माझी?"

"झाकण उघडून बघितलं होतं?"

"डॉक्युमेंट कम्प्लीट आहे," ते म्हणाले, आणि वर गेले. संध्याकाळी खाली आले ते दोन पानी रिपोर्ट घेऊन. दोष कसा घडला, त्याची चौकशी, त्याचं मूळ कारण, सगळं टाइप केलेलं. मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : 'वहिनींनी झाकण उघडले.'

* * *

ढोबळ्यांचा आळस नाही, उलट उत्साह दांडगा. केग निर्जंतुक करायला हवा एवढं कुठेतरी वाचलं आणि कंपनीच्या पाण्याच्या टाकीत घालतात ते क्लोरीनचं द्रावण आणलं. किती घातलं? तर 'अंदाजानं'. नंतर पाण्यानं धुतलं? "धुतलं तर जंतू परत येतीन ना वहिनी!"

बरं, आतला गाळ खरवडून काढायच्या आधीच हे ओतलेलं. घाणीवर औषध ओतून घाण निर्जंतुक होत नाही, हे मी एरवी ट्रेनिंगला आलेल्या पोरांना पहिल्या दिवशी सांगते.

"काहून टेन्शन घेता? सारे मरून जातेत क्लोरीननं."

जंतू मेले, यात शंका नाही. पण क्लोरीन राहिलं की बिअरला दवाखान्याचा वास येतो, जखमेवरच्या पट्टीचा असतो तसा. तेव्हा माझे सासरे सांगलीहून आले होते. ढोबळ्यांनी मोठ्या मानानं पहिला ग्लास त्यांना दिला. सासऱ्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "टाके कधी काढायचे?"

* * *

हेच ढोबळे कंपनीत रोज सकाळी कामगारांना उभं करून सांगतात, आधी प्रेशर सोडा, मग झाकण उघडा. मराठीत सांगतात, हिंदीत सांगतात, भिंतीवर चित्र लावलं आहे.

आमच्या हॉलमध्ये त्यांनी भरलेल्या केगचं झाकण सरळ उचललं. प्रेशर न सोडता! सहा-सात लिटर बिअर छताला गेली आणि तिथून सगळ्यांच्या डोक्यावर आली. ढोबळे भिजल्या अंगानं म्हणाले, "माझ्याकडचं प्रेशर गेज खराब आहे." त्या केगला प्रेशर गेज नव्हतंच.

छतावर भला मोठा पिवळा डाग पडला. रंगारी आला, मान वर करून बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "भाभी, ये तो ऊपरवाले का लीकेज है. उनको बोलो."

वर जोगळेकर राहतात. मी त्यांच्याकडून छत रंगवून घेतलं. त्यांनी त्याचाही रिपोर्ट केला!

* * *

राऊतशेठ एकदा म्हणाले, "दमनची स्वस्त दारू इतक्या जवल असताना लोक माज्याकडं कशाला येतील? चव असल तरच. तुमी एकदा चव दाखवा, मग ठरवू." नितीननं यातलं 'ठरवू' तेवढं घेतलं आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. कंपनीनं महिन्याच्या आत त्याच्या जागी माणूससुद्धा नेमला. परतीचा दोर कापून झाला, आणि घरात केग होते ते असे! मला हसू यायचं बंद झालं. रागही येत होता आणि, खरं सांगते, भीती वाटत होती.

तिघांनी मिळून एकच मोठी बॅच केली. ती तीन केगांत भरायची, प्रत्येकानं आपापला केग धुवायचा. ढोबळे मेव्हण्याच्या लग्नाला यवतमाळला गेले आणि आपला केग आमच्या गॅलरीत तसाच टाकून गेले.

भरायच्या आदल्या दिवशी घिवलीच्या जानकीमावशी मासळी घेऊन आल्या. दर मंगळवारी आणि शनिवारी येतात. दारात टोपली ठेवली, नाक वर केलं आणि बोंबलांचा भाव सांगायच्या आधी म्हणाल्या, "ताई, काय मेलंय घरात?"

मी गॅलरीतला केग दाखवला. मावशींनी झाकण काढलं, झाकणाची रबरी रिंग नखानं उचकटली आणि माझ्यासमोर धरली. रिंगेखाली हिरवट बुळबुळीत थर.

"कुकरची रिंग काडून धुतात ना? मंग याची का नाय?" त्यांनी नितीनला विचारलं.

नितीनला कुकरला रिंग असते हे त्या दिवशी कळलं. केगला असते हेही त्याच दिवशी! तीन वर्षांत तिघांपैकी एकानंही ती काढली नव्हती.

"आमी मासलीचा टप असा ठेवला तर गिऱ्हाईक दारात उबं करनार नाय," मावशी म्हणाल्या. त्यांना ते बघवेना. पदर खोचला, मोरीत बसल्या. सोडा, कढत पाणी, काथ्या. हात खांद्यापर्यंत आत. नळ्या सुट्या केल्या, रिंगा सुट्या केल्या, सगळं घासलं, चार वेळा धुतलं आणि नाक आत घालून वास घेतला. पाचव्यांदा धुतलं. मग म्हणाल्या, "आता हाय साफ." शेवटचं निर्जंतुकीकरणाचं द्रावण तेवढं मी फिरवलं. माझा नियम मी मोडला, पण एका द्रावणापुरताच.

"तुमचे दोन पन द्या, हात ओला हाय तवर," मावशी नितीनला म्हणाल्या.

नितीन म्हणाला, "नको, माझा धुतलेला आहे." जोगळेकर तेवढ्यात लेबलं घेऊन खाली आले होते. त्यांनी मावशींकडे बघून मला हळूच विचारलं, "वहिनी, यांचं ट्रेनिंग रेकॉर्ड आहे का?"

* * *

तीन आठवड्यांनी, रविवारी दुपारी, राऊतशेठ आले. मी मावशींना बोंबील साफ करून द्यायला बोलावलं होतं. त्या स्वयंपाकघराच्या दारातच विळी घेऊन बसल्या होत्या. नितीननं इस्त्रीचा शर्ट घातला होता. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं.

पहिला ग्लास नितीनच्या केगचा. शेठनी घोट घेतला, जीभ टाळूला लावून बघितली. "यात ताक घातलंय का?"

दुसरा जोगळेकरांचा. शेठनी आधी केगवरचं लेबल वाचलं, सह्या वाचल्या, मग प्यायले. "यात लोनी लागतंय." त्यांनी दोन्ही ग्लास शेजारी शेजारी ठेवले. "एकात ताक, एकात लोनी. तुमी डेअरी का नाय टाकत?"

मी नितीनकडे बघायचं टाळलं.

तिसरा ढोबळ्यांच्या केगचा. शेठ एक घोट प्यायले, थांबले, मग अख्खा ग्लास संपवला. "आनखी घाला." तोही संपवला. "ही बिअर खरी हाय! ही निराली कशी केली?"

नितीनचा चेहरा उतरला होता, पण तो खोटं बोलला नाही. "निराळी नाही शेठ. तिन्हीत एकच बिअर आहे. एकाच पातेल्यातली, एकाच दिवशी भरलेली. फरक फक्त केग धुण्यात आहे."

"मंग हा कुनी धुतला?"

सगळे ढोबळ्यांकडे बघायला लागले. ढोबळे म्हणाले, "मी तं लग्नात होतो जी."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट दाखवलं. शेठ उठले आणि मावशींसमोर जाऊन उभे राहिले.

"मावशी, बिअर बनवनारे मला मुंबईतनं पन्नास मिलतील. असा पिंप धुनारा मानूस मिलत नाय. येशील का माज्याकडं? कायमची?"

मावशींनी हातातला बोंबील पुरा कापला. ताटात ठेवला. मग इस्त्रीच्या शर्टातल्या नितीनकडे जरा वेळ बघितलं.

"येन की. पन या साहेबाला बी घ्या माज्या हाताखाली. मानूस गरीब हाय, पानी ओताला बरा."

नितीननं हातातला ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, "मावशी, सकाळी किती वाजता येऊ?"