धाकट्या बहिणीच्या रील आणि माझी दिल्ली

दिल्लीला जायचं मी एका गिऱ्हाइकासमोर उभ्या उभ्या ठरवलं. साताऱ्यात माझं खणाच्या पिशव्यांचं छोटं दुकान आहे. बटवे, पर्स, झोळ्या, सगळं खणाच्या कापडाचं, मी आणि माझ्याकडच्या दोघीजणी मिळून शिवतो. दिवाळीनंतर एक बाई आल्या, पाच-सहा पिशव्या उलट्यासुलट्या करून बघितल्या आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. "अशी आहे का हो तुमच्याकडे?"

मोबाईलवर रील चालू होती. हिरव्या खणाची झोळी खांद्याला लावून एक बाई मेट्रोचा जिना उतरत होती. ती बाई म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण मुग्धा.

मी तशीच झोळी काढून दाखवली. बाईंनी ती बघितली, पुन्हा मोबाईल बघितला, आणि म्हणाल्या, "छान आहे, पण मला ह्यांचीच हवी. दिल्लीहूनच मागवते."

त्या झोळीचा नमुना मी कागदावर कापून मुग्धाला पाठवला होता. माझं दुकान बारा वर्षांचं, तिचा धंदा दोन वर्षांचा. तिला साधं बटण लावता येत नाही, करोल बागेतल्या एका टेलरकडून ती पिशव्या शिवून घेते. तरी नागपूरपासून बंगळुरूपर्यंत लोक तिच्या पिशव्या मागवतात, आणि आई मला फोनवर सांगते, "मुग्धाचं बघ जरा, ती कसं करते ते."

घरी सांगितलं की बहिणीकडे चार दिवस जाऊन येते. खरं कारण आईने सांगितलं तेच होतं. ती कसं करते ते मला बघायचं होतं.

साताऱ्याहून दिल्लीच्या निजामुद्दीन स्टेशनला थेट गाडी आहे. तिकीट महिनाभर आधी काढा, नाहीतर माझ्यासारखा वरचा बर्थ मिळतो. डबा घरून न्या, गाडीतलं जेवण पोट भरण्यापुरतंच असतं. मी मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या नेल्या होत्या. वर आडवी होऊन मुग्धाच्या जुन्या-नव्या सगळ्या रील बघून काढल्या. काही दोनदा बघितल्या. लाईकचं बटण एकदाही दाबलं नाही.

निजामुद्दीनहून मयूर विहारला मेट्रोने जा, रिक्षावाल्यांशी घासाघीस करण्यात काही अर्थ नाही. डिसेंबरचे दिवस होते. हवेत धुकं की धूर ते कळत नव्हतं, यमुनेवरून गाडी गेली तेव्हा खाली नदी दिसलीच नाही. ज्यांना दमा आहे त्यांनी हा महिना टाळावा आणि बाकीच्यांनी मास्क न्यावा.

मुग्धा स्टेशनच्या दाराशी उभी होती. तिने मला घट्ट मिठी मारली. "ताई, किती बारीक झालीस यार," म्हणाली. तिचा नवरा प्रसाद केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे, लग्नानंतर ती दिल्लीचीच झाली. सोसायटीतला त्यांचा फ्लॅट मी पूर्वी पाहिला होता, पण आता पाहुण्यांच्या खोलीची एक भिंत हळदीच्या रंगाने रंगवली होती. समोर पूर्वेची खिडकी, मध्ये मोबाईलचा स्टँड, कोपऱ्यात खणाचे तागे. बस, एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल.

"सकाळी नऊपर्यंत इथे असला प्रकाश येतो ना, लाईट लावावेच लागत नाहीत," मुग्धा म्हणाली.

माझ्या दुकानाला पूर्वेची खिडकी नाही. हे मला बारा वर्षांत पहिल्यांदा खुपलं.

दुसऱ्या दिवशी करोल बाग. मयूर विहारहून निळ्या लाईनवर एकच मेट्रो, मध्ये बदलायची गरज नाही. सोमवारी बाजार बंद असतो, हे लक्षात ठेवा. दुपारच्या आत पोचलात तर दुकानदार नीट बोलतात. अस्तराचं कापड, चेन, हुक, लेस, सगळं एकाच भागात मिळतं, आणि भाव ऐकून मला साताऱ्यातल्या माझ्या व्यापाऱ्याचा रागच आला. मी दोन पिशव्या भरून चेन घेतल्या. जेवायला एका गाडीवर छोले-कुलचे खाल्ले, वर कांदा आणि हिरवी चटणी. आजही आठवण येते असे.

पण करोल बागेहून परत येतानाची गोष्ट सांगायची आहे. मेट्रोत आम्ही उभ्या होतो. समोर कॉलेजातल्या दोन मुली आमच्याकडे बघून कुजबुजत होत्या. शेवटी एक पुढे आली.

"आप वो खण वाली दीदी हैं ना?" तिने मुग्धाला विचारलं. "मम्मी आपकी सारी रील देखती हैं. एक फोटो?"

मुग्धा हसली, केस मागे घेतले. मुलीने इकडेतिकडे बघितलं आणि आपला मोबाईल माझ्या हातात दिला. "आंटी, प्लीज."

मी फोटो काढला. एक नाही, तीन काढले, कारण पहिल्या दोन फोटोंत मुग्धाचे डोळे मिटलेले होते. तिसरा चांगला आला. माझ्या खांद्याला मी शिवलेली पिशवी होती, तिच्यावर माझी स्वतःची सुबक दुहेरी टीप होती. त्या मुलीने तिच्याकडे बघितलंही नाही.

"असं रोज होतं का गं?" मी विचारलं.

"नाही गं, कधीतरी," मुग्धा म्हणाली, पण गाल लाल झाले होते. जागा मिळाली तशी मी चेनच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसले आणि मयूर विहार येईपर्यंत बाहेर बघत राहिले. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं.

ज्यांना रीलबद्दल शिकायचंय त्यांच्यासाठी, पुढच्या एक-दोन दिवसांत मुग्धाला बघून मला जे कळलं ते इथे सांगते. मोबाईल उभा धरायचा. सुरुवातीला स्वतःचा चेहरा नाही, वस्तू दाखवायची, तीही कोणाच्या तरी हातात किंवा खांद्यावर, कारण टेबलावर ठेवलेली पिशवी कोणी बघत नाही. किंमत लपवायची नाही, विचारायला लावलं की माणूस पुढे जातो. शब्द पडद्यावर लिहायचे, कारण अर्धे लोक ऑफिसात आवाज बंद करून बघतात. आणि प्रत्येक रीलमध्ये एक गोष्ट सांगायची, छोटीशी, खरी.

खरी. हा शब्द मुग्धाचाच.

नोएडाला ती महिन्यातून एकदा जाते. तिथे सेक्टरमधल्या एका इमारतीत तासावर स्टुडिओ मिळतो, आठवड्याच्या मधल्या दिवशी स्वस्त पडतो. दिवे, कॅमेरा आणि एडिट करणारी सिमरन नावाची मुलगी त्यातच येते. आपले कपडे आणि सामान मात्र आपण न्यायचं. मेट्रोने वीस-पंचवीस मिनिटं आणि पुढे ई-रिक्षा. लाडू-चिवडा काहीतरी बरोबर ठेवा, आसपास खायला फक्त महागडी कॉफी आहे.

या वेळी मीही बरोबर गेले आणि मागे खुर्चीवर बसले. मुग्धाने जांभळी साडी नेसली होती. सिमरनने "चलो दीदी, रोलिंग" म्हटलं आणि मुग्धा कॅमेऱ्याकडे बघून बोलायला लागली.

"मी दहा वर्षांची होते. आईची जुनी खणाची चोळी फाटली होती. शेजारच्या काकूंच्या मशीनवर बसून मी तिची छोटीशी पिशवी शिवली. सुई बोटात गेली, रक्त आलं, पण मी पिशवी पूर्ण करूनच उठले. आई कितीतरी वर्षं त्याच पिशवीतून भाजी आणायची."

सिमरन म्हणाली, "सुपर. एक और लेते हैं, थोड़ा इमोशनल."

मुग्धाने पुन्हा सांगितलं, थोडं हळू, थोडं थांबत. "रक्त आलं" म्हणताना तिने बोट वर केलं.

ती पिशवी मी शिवली होती. सुई माझ्या बोटात गेली होती. त्या वेळी मुग्धा दोन वर्षांची होती आणि काकूंच्या ओट्यावर बसून राजगिऱ्याची वडी खात होती.

परत निघताना ई-रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, "ती गोष्ट माझी आहे."

मुग्धाला वाटलं होतं मी हसेन, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तू कधी कोणाला सांगितलीस का ती?" तिने विचारलं. "दुकानात एवढी माणसं येतात. एकाला तरी सांगितलीस?"

"म्हणून तुझी झाली?"

"मी आधी 'माझ्या बहिणीने शिवली' असंच म्हटलं होतं, ताई. मागच्या महिन्यात तसं शूटही केलं. पण मग लोक विचारणार, बहीण शिवते तर तू काय करतेस?" तिने पदर खांद्यावर ओढून घेतला, थंडी होती. "आणि खरंच, मी काय करते? मला शिवता येत नाही. हे मी रोज कॅमेऱ्यासमोर लपवत असते. तुझे हात मला मिळाले असते तर मला एवढं बोलावं लागलं नसतं."

माझा राग कमी झाला नाही. दोन वर्षं मी तिच्या आवाजाचा, तिच्या हसण्याचा, तिच्या खिडकीचा हेवा करत होते, आणि ती माझ्या हातांचा करत होती, हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, माझ्या हातचे नमुने तर तिने घेतलेच आहेत की, आता गोष्टही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा घेऊन आली. "तू बोल ना कॅमेऱ्यासमोर. तुझी गोष्ट तूच सांग."

हळदीच्या भिंतीसमोर उभी राहिले. "नमस्कार, मी शुभांगी," म्हटलं आणि पुढचं सुचेना. मुग्धाची मुलगी इरा खोलीच्या दारात उभी होती. "मावशी, तू न्यूज वाचल्यासारखी बोलतेस," म्हणाली. खरं होतं. पाच-सहा वेळा प्रयत्न केला. शेवटी मी मुग्धाने रीलमध्ये दाखवायला आणून ठेवलेल्या मशीनवर जाऊन बसले, कारण हात मोकळे असले की मला घाबरायला होतं. तिथल्या एका पिशवीची टीप वाकडी गेली होती ती उसवायला घेतली.

"उसवणं म्हणजे?" इराने विचारलं.

मी तिला दाखवलं. दोरा कुठे कापायचा, कापड न फाटता कसा ओढायचा, मग नवी टीप कशी घालायची. बोलत होते ते तिच्याशी. मुग्धा मागून माझे हात शूट करत होती, मला कळलं ते सगळं झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतीची गाडी होती. मुग्धाने ती रील आदल्या संध्याकाळीच टाकली होती. मी ती बघितली मध्य प्रदेशात कुठेतरी, गाडी थांबून राहिली होती तेव्हा. छान झाली होती. हात आणि आवाज, बाकी काही नाही. लोकांना खूप आवडली होती. खाली एकाने लिहिलं होतं, "दीदी, तुमच्या हातात जादू आहे." दुसरीने लिहिलं होतं, "तुम्ही इतकं सुंदर शिवता हे माहीत नव्हतं." प्रत्येकाला मुग्धाने लाल बदाम पाठवला होता.

मी फोन लावला. "ते हात माझे आहेत," म्हटलं. "लोकांना बदाम पाठवू नकोस, तसं लिही."

"ताई, मी लिहिणारच होते," ती म्हणाली.

"कधी?"

मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. "आज," म्हणाली आणि फोन ठेवला. रडत होती की चिडली होती, ते मला आवाजावरून कळलं नाही.

रात्री तिने नवी रील टाकली. साडी नाही, घरातलाच पंजाबी ड्रेस, डोळे सुजलेले. "काल जे हात तुम्ही बघितलेत ते माझे नाहीत," असं तिने सुरुवातीलाच म्हटलं होतं. मग तिने पिशवीची गोष्ट सांगितली, माझं नाव घेऊन, राजगिऱ्याच्या वडीसकट. "मला शिवता येत नाही. पिशव्यांचे नमुने माझ्या बहिणीचे आहेत." शेवटी माझ्या दुकानाचं नाव, साताऱ्याचं. नोएडात शूट केलेली रील तिने टाकलीच नाही.

गाडी साताऱ्याला लागेपर्यंत लोकांच्या फोन-मेसेजनी माझा मोबाईल तापला होता.

आता घरी येऊन महिना होत आला. दुकानात मी मागच्या दाराशी, जिथे सकाळी थोडं ऊन येतं तिथे, मशीन सरकवलं आहे. आठवड्याला एक रील करते, हातांचीच. बोलते ते कामाला येणाऱ्या दोघींशी. पुण्याहून, इंदूरहून, एकदा तर दुबईहून ऑर्डर आली. दिल्लीचा खर्च वसूल झाला का, असं कोणी विचारलं तर हो म्हणेन, आणि करोल बागेतल्या चेन अजून पुरताहेत हे वेगळंच. जायचं असेल तर हिवाळ्यात मास्क लावून जा, निळी लाईन पाठ करा आणि राहायला बहीण असेल तर तिच्याकडेच राहा, कितीही कठीण गेलं तरी.

काल मुग्धाचा फोन आला. आईची तब्येत, इराची परीक्षा, दिल्लीची थंडी, सगळं बोलून झालं. मग सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, "तुझ्याकडे किती ऑर्डर येतात गं आता?"

मी खऱ्या आकड्यापेक्षा थोड्या कमीच सांगितल्या.

"अच्छा," ती म्हणाली. मग म्हणाली, "चांगलंय की."

दोन वर्षं फोनवर तिचं प्रत्येक यश ऐकून मी ज्या सुरात "चांगलंय की" म्हणत आले, तोच सूर होता. मला वाटायचं तो तिला कधी कळला नसेल. आता कळतंय, की तिला तो पहिल्या दिवसापासून कळत होता आणि तरीही ती मला फोन करत राहिली.